ट्रकचं डिझाइन: डिझेल वाचवायचं की जीव? दोन्ही एकाच आराखड्यात कसं बसतं?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले रस्ते बदलतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी शंकरराव पाटील, नीरा-भीमा असे कारखाने आहेत. वरकुट्यासारख्या गावांच्या शिवारातून निघालेला ऊस दहाचाकी ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉलीतून आणि बैलगाडीतून या कारखान्यांकडे जातो. याच तालुक्यांतून पुणे-सोलापूर महामार्ग जातो आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गही जातो. म्हणजे ताशी १५ किलोमीटरने चाललेली उसाची ट्रॉली आणि ताशी ८० किलोमीटरने धावणारा कंटेनर एकाच परिसरातल्या रस्त्यांवर असतात.

अशा वेळी एक प्रश्न नेहमी चर्चेत येतो. अवजड वाहन सुरक्षित करायचं तर त्याला जादा लोखंड, जादा उपकरणं लागतात. मग वजन वाढतं, खर्च वाढतो, अॅव्हरेज पडतं. म्हणजे सुरक्षितता आणि इंधन बचत यांचं एकमेकांशी वाकडं आहे का?

थोडक्यात उत्तर: काही ठिकाणी आहे, पण बहुतेक ठिकाणी नाही. चांगल्या डिझाइनमध्ये एकच गोष्ट अनेकदा दोन्ही कामं करते. ते कसं, हे समजून घेऊ.

ट्रकचं डिझेल जातं कुठे?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या ट्रकला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे हवा आणि दुसरी म्हणजे टायर.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ४० वरून ८० झाला, म्हणजे दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. टायरचा विरोध वेगळ्या कारणाने होतो. वजनामुळे टायर जमिनीशी दबतो, पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात रबर तापून ऊर्जा वाया जाते. हा विरोध वेगापेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतो.

आता एक ढोबळ गणित करू. ५५ टन वजनाचा भरलेला ट्रेलर ताशी ४० किलोमीटरने चालला असेल, तर त्याला होणाऱ्या एकूण विरोधात हवेचा वाटा साधारण सातवा-आठवा हिस्सा असतो. बाकी सगळा टायरचा. तोच ट्रेलर ८० ने चालला तर हवेचा वाटा एकतृतीयांशाच्या पुढे जातो. आणि माल उतरवून तोच ट्रेलर रिकामा, ८० ने परत निघाला, तर विरोधाचा मोठा हिस्सा हवेचाच असतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. कमी वेगाने जड माल नेणाऱ्या वाहनात आधी टायर आणि वजनाकडे बघायला हवं. महामार्गावर लांब पल्ल्याच्या वाहनात मात्र आकाराकडेही तेवढंच बघावं लागतं.

परदेशात काय केलं गेलं?

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 'सुपरट्रक' नावाचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्यात कमिन्स आणि पीटरबिल्ट या कंपन्यांनी बनवलेल्या ट्रकने २०१४ मध्ये प्रत्यक्ष महामार्गावर एका गॅलनला १०.७ मैल अंतर कापलं. आपल्या हिशेबात हे लिटरला साधारण साडेचार किलोमीटर होतात. यासाठी इंजिनात सुधारणा झाल्याच, पण ट्रकचं नाक गोलसर करणं, केबिन आणि ट्रेलरमधली फट कमी करणं आणि ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना खालपर्यंत पडद्यासारखे पत्रे लावणं यांचाही वाटा होता.

युरोपीय संघाने २०१५ मध्ये ट्रकच्या लांबीचे नियम बदलले. त्याआधी एकूण लांबीवर कडक मर्यादा असल्याने कंपन्या केबिन सपाट, भिंतीसारखी बनवायच्या. कारण नाक पुढे काढलं की तेवढी मालाची जागा कमी व्हायची. नव्या नियमात गोलसर आकारासाठी जादा लांबीची मुभा मिळाली. त्यासाठी दोन कारणं दिली गेली. गोल नाकाने हवा सहज कापली जाते, हे पहिलं. दुसरं म्हणजे धडकेत दाबलं जायला थोडी जागा मिळते आणि चालकाला समोरचा पादचारी किंवा सायकलस्वार नीट दिसतो. एकाच वळणदार पत्र्यात डिझेलही वाचलं आणि जीवही.

मागून धडक इतकी जीवघेणी का?

आपल्याकडच्या रस्त्यांवर मोठा धोका ट्रकच्या मागच्या बाजूला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ लोकांचा जीव गेला. यातल्या साधारण एकपंचमांश अपघातांत एका वाहनाने दुसऱ्याला मागून धडक दिली होती.

कार कारवर आदळली तर बंपर बंपरला भिडतो. पुढचा भाग चेपतो, धक्का शोषला जातो, एअरबॅग उघडते. पण ट्रकचा हौद जमिनीपासून मीटरभर किंवा त्याहून उंच असतो. कारचं बॉनेट त्याच्या खाली शिरतं आणि पहिला आघात थेट पुढच्या काचेवर होतो. चेपण्यासाठी बनवलेला भाग वापरातच येत नाही.

यावरचा उपाय अगदी साधा आहे: हौदाच्या मागे, खालच्या बाजूला एक भक्कम आडवा दांडा. अमेरिकेत १९६७ मध्ये अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड यांची कार ट्रेलरखाली शिरून त्यांचा मृत्यू झाला. तिथे अजूनही या दांड्याला लोक 'मॅन्सफिल्ड बार' म्हणतात. भारतातही या दांड्यासाठी आयएस १४८१२ हे मानक आहे. दांडा जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा जास्त उंच नसावा आणि ठरावीक जोर सहन करणारा असावा, अशी अपेक्षा असते. ट्रकच्या बाजूंनाही असंच संरक्षण लागतं. त्यामुळे दुचाकीस्वार किंवा सायकलस्वार मागच्या चाकाखाली ओढला जात नाही.

हेच बाजूचं संरक्षण नुसत्या पाइपांऐवजी सलग पत्र्याचं केलं, तर ते हवेचा विरोधही कमी करतं. कारण एरवी चाकं, अॅक्सल, डिझेल टाकी यांच्यात हवा अडकते आणि भोवरे तयार होतात. म्हणजे जे दुचाकीस्वाराला वाचवतं, तेच महामार्गावर डिझेलही वाचवतं.

अडचण अशी की दांडा कागदावर असून भागत नाही. पातळ पाइप दोन बोल्टवर लटकवला, किंवा माल उतरवताना आड येतो म्हणून कापून टाकला, तर धडकेच्या वेळी तो नसल्यासारखाच.

'रेडियम' लावल्याने नेमका किती फरक पडतो?

गळीत हंगामात ट्रॉल्यांना रेडियम लावा, असं आरटीओ, पोलिस आणि कारखाने दरवर्षी सांगतात. नियमानुसार परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल असते. तिचं महत्त्व गणितातून चटकन कळतं.

समजा, रात्री कार ताशी ८० किलोमीटरने येतेय आणि पुढे उसाची ट्रॉली १५ ने चाललीय. दोघांतलं अंतर दर सेकंदाला १८ मीटरने कमी होतं. दिवा नसलेली, वरून उसाच्या मोळ्यांनी झाकलेली ट्रॉली डिपर दिलेल्या प्रकाशात साधारण ५० मीटरवर दिसली, असं धरू. म्हणजे कारचालकाच्या हातात पावणेतीन सेकंद उरतात. त्यातला दीड सेकंद समजून ब्रेकवर पाय जाईपर्यंत संपतो. उरलेल्या वेळात जोरात ब्रेक मारला तरी वेग पुरेसा कमी होत नाही. गणित थोडक्यासाठी हुकतं आणि कार ट्रॉलीत शिरते.

तीच ट्रॉली परावर्तक पट्टीमुळे १५० मीटरवर चमकली, तर आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात वेग कमी करता येतो, बाजूही घेता येते. या पट्टीला डिझेल लागत नाही आणि तिचं वजनही जाणवत नाही. मात्र ती चिखलाने माखता कामा नये आणि बाहेर आलेल्या वाढ्यांखाली झाकली जाता कामा नये.

न्यूट्रलमध्ये उतार उतरल्याने डिझेल वाचतं का?

सुरक्षितता आणि इंधन यांची सगळ्यात धोकादायक गल्लत इथे होते.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा मोठा उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालवाहू वाहनाने पुढच्या वाहनांना एकामागून एक धडक दिली. चाळीसहून अधिक वाहनांचं नुकसान झालं. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासाच्या आधारे तेव्हा सांगण्यात आलं होतं.

इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतार उतरणं का घातक आहे? भरलेल्या ४० टनी ट्रकने ३०० मीटर उंची उतरली, तर घर्षण वगळता जी ऊर्जा मुक्त होते, ती तोच ट्रक ताशी ६० वरून पूर्ण थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण २० पट असते. ही सगळी ऊर्जा फक्त चाकांच्या ब्रेकनी जिरवायची म्हटलं, तर ड्रम आणि लायनर प्रचंड तापतात आणि लायनरची पकड सुटते. चालक ब्रेक दाबत राहतो, पण ट्रक थांबत नाही.

गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढतं. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर आणखी जोराने ओढतं. न्यूट्रलमध्ये ही मदत संपते. इंजिन बंद केलं तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना टाकीतली हवा कमी होत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

आणि डिझेल? आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक जीव धोक्यात घालतो आणि डिझेलही जाळतो. अनेक ठिकाणी खेपेला ठरावीक डिझेल दिलं जातं आणि वाचलेलं चालकाच्या पदरात पडतं. ही पद्धत असेपर्यंत नुसत्या उपदेशाने ही सवय जाणं अवघड आहे.

जादा माल भरला तर काय बिघडतं?

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तीन अॅक्सलच्या, म्हणजे दहाचाकी ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. एका खेपेत जास्त माल गेला की दर टनामागे डिझेल कमी लागतं, हा त्यामागचा विचार होता.

हा विचार मर्यादेपर्यंत बरोबर आहे. त्याच्या पलीकडे गेलं की गणित फिरतं. ब्रेक, पाटे, टायर हे सगळं ठरावीक वजनासाठी बनवलेलं असतं. जादा वजनाने टायर जास्त दबतो, जास्त तापतो, लवकर झिजतो आणि फुटतो. थांबायला जास्त अंतर लागतं. मालाची उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याची शक्यता वाढते. ऊस वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे हौदाच्या वर आणखी दोन थर चढवण्याचा मोह होतोच.

कायदेशीर मार्गाने जास्त माल न्यायचा असेल, तर रिकाम्या गाडीचंच वजन कमी करावं लागतं. उच्च ताकदीचं पोलाद किंवा अॅल्युमिनियम वापरून हौद हलका केला, तर एकूण वजन तेवढंच राहतं आणि मालाचं वजन वाढतं. ब्रेकवर जादा ताण येत नाही.

टायर आणि केबिन: इथे खरी ओढाताण आहे

सगळीच डिझाइन दोन्ही बाजूंनी फायद्याची नसतात. टायरचंच बघा. ट्रकवाले ज्याला 'नायलॉन' म्हणतात, त्या जुन्या पद्धतीच्या टायरपेक्षा रेडियल टायर कमी तापतो आणि डिझेल वाचवतो. पण फक्त विरोध कमी करण्यासाठी रबर बदललं, तर ओल्या रस्त्यावरची पकड कमी होऊ शकते. म्हणून केंद्राने २०२२ मध्ये टायरसाठी जे नियम अधिसूचित केले, त्यात लोळण्याचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा एकत्र ठेवल्या. एक सुधारताना दुसरं बिघडू नये, हा हेतू.

केबिनचंही तसंच आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक आहे. एसीला थोडं डिझेल लागतं, हे खरं. पण मे महिन्यात सोलापूरकडे जाणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाची धग आणि बाहेरचं ऊन एकत्र येतं. थकलेल्या चालकाची डुलकी कोणत्याही डिझेलपेक्षा महाग पडते. केबिन धडकेत किती टिकते, याचीही एआयएस-०२९ या मानकानुसार चाचणी असते. धडकेनंतर चालकाभोवती जिवंत राहण्यापुरती जागा उरते का, हे त्यात तपासलं जातं.

हे सगळं तपासतं कोण?

यातलं बरंच काम पुण्यातच होतं. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे. भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी अशा मान्यताप्राप्त संस्थांमध्ये ब्रेक, दिवे, धूर, केबिन यांच्या चाचण्या होतात. अवजड वाहनांसाठी २०१७ मध्ये इंधन वापराचे निकषही अधिसूचित झाले. १२ टनांवरच्या ट्रकची चाचणी ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगांवर घेण्याची पद्धत त्यात ठरली.

इथेच एक मोठी फट राहते. कंपनी बनवते ती चेसिस आणि केबिन. हौद अनेकदा गावातल्या किंवा तालुक्यातल्या बॉडी बिल्डरकडे तयार होतो. त्यासाठीही राष्ट्रीय पातळीवर ट्रक बॉडी कोड आहे, पण शेवटी हौद किती जड झाला, मागचा दांडा किती भक्कम बसला, फाळका बंद केल्यावर दिवे झाकले जातात का, हे त्या शेडमधल्या वेल्डिंगवर ठरतं. प्रयोगशाळेत तपासलेलं इंजिन आणि घाईत बनवलेला हौद एकाच गाडीत जोडलेले असतात.

मग डबल ट्रॉलीचं काय?

हीच फट डबल ट्रॉलीत सगळ्यात रुंद होते. ट्रॅक्टर शेतात नांगरटीसाठी बनवलेला असतो. दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरला त्याच्या कित्येक पट वजनाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या, की थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतं. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ब्रेक मारला की मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात आणि गाडी जोडाच्या ठिकाणी दुमडते. चढावर उलट होतं, पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग लागत नाही.

यावर तंत्रज्ञान नवं शोधायची गरज नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक, सॉकेटने जोडले जाणारे मागचे दिवे, भक्कम जोड आणि सुरक्षा साखळी, मागचा दांडा हे सगळं उपलब्ध आहे. खर्च कोण करणार, हा खरा प्रश्न आहे. वाहतूकदार कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो, हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि दर टनावर ठरतो. कारखाने दरवर्षी वाहतुकीचे करार करतातच. त्या करारात ब्रेक आणि दिवे असलेल्या ट्रॉलीला थोडा जादा दर ठेवला, तर हिशेब बदलू शकतो.

वाहनमालक आजच काय करू शकतो?

नवी गाडी घ्यायची वाट न बघता काही गोष्टी लगेच करता येतात:

- टायरमधली हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासणं. हवा कमी असली की डिझेल जास्त जातं आणि टायर फुटण्याचा धोकाही वाढतो.
- रिकाम्या ट्रकवर ताडपत्री आणि दोर फडफडत न ठेवता घट्ट बांधणं.
- कमाल वेग ताशी ८० ऐवजी ६० ते ६५ ठेवणं. ८० वरून ६० वर आलं की हवेचा विरोध जवळपास निम्मा होतो आणि गाडी थांबवायला लागणारी ऊर्जाही तेवढीच कमी होते.
- उतारावर गिअर न सोडणं. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतार उतरणं.
- मागचा दांडा, दिवे आणि रेडियम हंगामाआधी तपासणं, आणि माल भरल्यावर ते दिसतात का हे दहा-वीस पावलं मागे जाऊन बघणं.
- गाडी बंद पडली तर ती पूर्ण रस्त्याच्या खाली घेणं. ते शक्य नसेल तर झाडाची फांदी किंवा दगड न ठेवता परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवणं, आणि गाडी निघाल्यावर तो उचलणं.

पुढच्या टप्प्यात धडकेआधी आपोआप लागणारे ब्रेक येतील. युरोपात ते गेली दहा वर्षं नव्या अवजड ट्रकमध्ये सक्तीचे आहेत, आणि भारतातही केंद्राने २०२५ मध्ये त्याबाबतचा मसुदा मांडला. पण तशी यंत्रणा बसवलेला ट्रकसुद्धा रात्री अंधारात उभ्या असलेल्या, दिवे नसलेल्या ट्रॉलीच्या मागूनच येणार आहे. ट्रॉली दुरून दिसली, तर त्या यंत्रणेची वेळ यायच्या आतच चालक स्वतः ब्रेक दाबेल.